शिळेवर सोडलेली जागा

"अहो, हात काढा! बाराशे वर्षं टिकलाय तो दगड, तुमच्या बोटांनी झिजायचा."

मी ओरडले तसा तो दचकून मागे सरला. शीआन शहरातल्या शिलालेखांच्या संग्रहालयात मी ठसे घ्यायचं काम करते. ओला कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकत अक्षरांच्या खाचांत उतरवायचा, अर्धवट सुकला की वरून शाईत बुडवलेली कापडाची पुरचुंडी थोपटायची... काळ्यातून पांढरी अक्षरं वर येतात. त्या दिवशी तो ऐन माझ्या उजेडात उभा होता.

"बोट फिरवल्याशिवाय कळत नाही," तो पुटपुटला.

"काय कळत नाही?"

"ज्याच्या अक्षरांची ही शिळा, त्या यान चनछिंगचा हात नेमका कुठे वळतो ते."

त्याचं नाव पेई यांग. शहराबाहेरच्या सूतगिरणीत कामाला होता. त्यानंतर तो दर रविवारी येऊ लागला. यानच्या शिळेसमोर मांडी घालून बसायचा आणि चौकटींच्या कागदावर तीच अक्षरं गिरवायचा. रुंद खांद्यांची, भरदार, पाय रोवून उभी असलेली अक्षरं. शरदातली झड लागली, छतावरून पाणी गळायला लागलं, तरी त्याने एक रविवार चुकवला नाही.

"तो शिळा बघायला येतो," आमचे छिन मास्तर मिशीत हसायचे, "पण शिळेच्या वाटेत दरवेळी तूच कशी उभी असतेस गं, सूयुन?"

"काम असतं माझं तिथे!"

"हो तर. चार रविवार एकाच शिळेचं."

एकदा मी त्याच्या कागदात डोकावले. रेघा जाड होत्या, पण जीव नव्हता त्यात. आणि प्रत्येक रेघेचं टोक मात्र सुरीने कापल्यासारखं धारदार.

"खरं सांगू? हे यान नाही. तुमचा हात त्या दुसऱ्या जुन्या सुलेखनकाराच्या, लिऊ गोंगछ्वानच्या वळणाचा आहे. सडसडीत, हाडापेराचा. उगाच जाड कपडे घालून का उभे राहताय?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने शांतपणे कुंचला पुसला, कागद गुंडाळले आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. मी पुरचुंडी थोपटत राहिले आणि एका जागी इतकी थोपटली की कागदच फाटला. छिन मास्तरांनी नुसता नवा कागद पुढे सरकवला... तेच जास्त लागलं.

त्याच्या पुढच्या रविवारी तो भिजून आला. छत्री होती, पण उघडली नव्हती.

"माझे वडील गावात दुकानांच्या पाट्या लिहायचे," तो एकदम बोलायला लागला. "यानच्या वळणात. मलाही तेच शिकवलं. सोळाव्या वर्षी मी लिऊ गिरवायला लागलो, तर म्हणाले, काटक्या लिहितोस. मी म्हणालो, तुमच्या फुगलेल्या भाकऱ्यांपेक्षा बऱ्या. आणि घर सोडलं. ते गेले तेव्हाही मी वेळेवर पोचलो नाही. येत्या वसंतात त्यांना जाऊन तीन वर्षं होतील, तेव्हा समाधीवर शिळा बसवायची आहे. ती मीच लिहायची. निदान दगडावर तरी त्यांचं ऐकावं म्हणून..."

"मला माहीत नव्हतं," एवढंच मी म्हणाले.

"दोन्ही वळणांत लिहिलंय मी. तुम्ही याल गावी? बघायला?"

मी त्याच्यासोबत गेले. अंगणात पर्सिमनची केशरी फळं सोलून वाळत टांगली होती. त्याच्या आईने दोन्ही कागद भिंतीला लावायला सांगितले. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. कितीतरी वेळ ती नुसती बघत राहिली, मग तिने सडसडीत अक्षरांवर हात ठेवला.

"हे घ्या."

"आई, बाबांना हे आवडायचं नाही."

"नाही आवडायचं. पण वाचताना त्यांना कळायला तर हवं, कोणी लिहिलंय ते! दुसरं बघून त्यांना वाटेल, मीच लिहून ठेवलं होतं. मुलगा आलाच नाही."

यांग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दुपारी शिळा कोरायला कारागीर छिन्नी घेऊन बसला. थोड्या वेळाने यांग माझ्याकडे आला.

"कारागीर विचारतोय... मुलाच्या नावाशेजारी काही कोरायचं का. सुनेचं नाव येतं तिथे."

"मग?"

"मी म्हटलं... जागा सोडा."

"किती?"

"तीन अक्षरांची."

ज्यांग सूयुन. आमच्या लिपीत माझं नाव तीन अक्षरांतच लिहितात. कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

"तीन अक्षरी मुली शीआनमध्ये ढिगाने आहेत, पेई साहेब."

"असतील. मी एकीच्याच नावाचा सराव केलाय."

"दाखव."

'तू' कधी तोंडातून निसटला, कळलंच नाही. त्याने कोटातून घडी घातलेला कागद काढला. पहिली दोन अक्षरं ताठ, नेटकी होती. तिसरं मात्र ओघळलं होतं.

"हे बिघडलंय," मी म्हणाले.

"माहीत आहे. तिथवर आलो की हात कापतो."

"वसंतापर्यंत वेळ आहे. रोज लिहायचं. माझ्यासमोर बसून."

तो माझा हात हातात घेऊन बोटांवरची शाई अंगठ्याने पुसत राहिला. ती काही निघत नव्हती, आणि त्यालाही घाई नव्हती.