सीलवाली आणि ट्रेलरवाला

बंदराच्या तीन नंबरच्या फाटकावर एक नियम होता. सीलवालीने कंटेनरच्या दाराला सील लावायचं, त्यावरचा नंबर मोठ्याने वाचायचा आणि ड्रायव्हरने तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा. चुकला, की गाडी रांगेच्या शेवटी!

त्या सकाळी खारा वारा सुटला होता. तिने नंबर वाचला. केबिनमधून डोकावणारा नवा ट्रेलरवाला नुसता बघतच राहिला.

“अहो, नंबर!”

“...परत सांगता?”

“परत नाही. रांग तिकडे.”

तो हसला. निमूट गाडी वळवून गेला आणि अडतीस गाड्यांनंतर पुन्हा हजर. या खेपेला नंबर बरोबर म्हणाला, पण इतका चवीचवीने की मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले.

त्या महिन्यात तो आणखी पाच वेळा चुकला.

“सात आकडे लक्षात राहत नाहीत? डोक्यात जागा नाही का?”

“जागा आहे हो. पण भरलीये.”

“कशाने?”

“ते... फाटकावर सांगण्यासारखं नाही.”

मग कॅन्टीनमध्ये सांगणं सुरू झालं. तो लांबच्या गावाहून आलेला. वडिलांचे चार हातमाग होते. बाहेरचं स्वस्त कापड कंटेनर भरभरून आलं आणि माग गप्प झाले. तिचे बाबा तरुणपणी याच धक्क्यावर पाठीवर पोती वाहायचे. कंटेनर आले आणि हमाली गेली.

“म्हणजे या पेट्यांनी माझ्या बाबांचं काम खाल्लं, आणि तुझ्या वडिलांचंही,” ती म्हणाली.

“आणि आता आपली पोटं त्याच भरतायत. भांडायचं तरी कुणाशी?”

“आपसात भांडू की!”

वाऱ्याने तिची बट चहाच्या कपात जाऊ पाहत होती. त्याने हात पुढे केला... आणि नुसताच कप सरकवला. तिला हसूही आलं आणि रागही.

मग तिला पत्र आलं. समुद्रापलीकडच्या बंदरात क्रेन चालवायचं शिक्षण, वर्षभर. आठ दिवसांत निघायचं. साठ मीटर उंचीवर बसून जहाजं रिकामी करायची! तिने त्याला धावत जाऊन सांगितलं.

“वा,” तो म्हणाला. “उंटावरून शेळ्या हाकणार म्हण की.”

एवढंच. आणि दुसऱ्या दिवसापासून तो एकही नंबर चुकेना. खटकन म्हणायचा, भुर्रकन जायचा. तिच्या जिवाला ते लागलं.

शेवटच्या दिवशी तिने सील हातातच धरलं.

“लावा ना,” तो म्हणाला.

“आधी बोल. माझ्या जाण्याचं दुखतंय तुला?”

“अडवलं असं वाटू नये, म्हणून गप्प होतो.”

“मला अडवणारा अजून जन्माला यायचाय. दुसरं सांग.”

त्याने स्टिअरिंगवर बोटं वाजवली. “वर्षभराने तू... दुसरीच होऊन आलीस तर?”

“दुसरीच होऊन येणार. त्यासाठीच तर चाललेय. तुला ती पण आवडली पाहिजे.”

“आणि मी? या एवढ्या शहरात माझं आहे कोण?”

“माझं घर आहे की. दर रविवारी जायचं. बाबा पोत्यांची तीच गोष्ट दहादा सांगतील. पहिल्यांदा ऐकल्यासारखं ‘हं’ म्हणायचं. आईपुढे शहाणपणा करायचा नाही.”

“म्हणजे... तुझा होकार?”

“तू विचारलंस कुठे, शहाण्या?”

फाटकावर केबिनमधून उतरायला सक्त मनाई होती. तो उतरला. तिच्यासमोर उभा राहिला, घसा खाकरला, आणि भोंग्यांच्या कल्लोळात चांगलं खणखणीत विचारलं, “माझ्याशी लग्न करशील?”

मागच्या गाडीतून एक काका अर्धे बाहेर आले. “अगं, हो म्हण बाई! माल खोळंबलाय!”

“म्हणतेय ना, काका!” ती वळून ओरडली.

मग त्याच्याकडे फिरली, जाडजूड हातमोजा काढला, त्याचा हात हातात घेतला आणि अगदी हळू, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, ‘हो’ म्हणाली.