चढासाठी मोठं चक्र

चढाची गल्ली चढून ती दुकानात आली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटेना. रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचणारी मुलगी, आणि एका चढानं बोलती बंद. हातात आत्याची जुनी सायकल, पिशवीत तिला बसवायचं छोटं इंजिन.

“आधी पाणी घ्या,” मिस्त्री म्हणाला. वयानं तिच्याच बरोबरीचा, कानाच्या पाळीला ग्रीस. “क्लच कुठला बसवू? हातानं दाबायचा, की आपोआप सुटणारा?”

“हाताचा. आणि मला वेग हवाय. तेवढ्या सकाळी बस नसते. बातम्यांना दोनदा उशीर झालाय; सोमवारी परत झाला तर माझ्या खुर्चीत दुसरी बसेल.”

“मग मागचं दातेरी चक्र छोटं लावतो. पळेल छान, पण चढ ओढणार नाही.”

“माझा रस्ता सगळा सपाट आहे हो. चढ काय तो तुमच्या दुकानाचा. एकदा सायकल झाली की इकडे कोण कडमडतंय?”

ती हसली. तो हसला नाही. त्याचं लक्ष तिच्या हातांकडे होतं. “डावं मनगट दुखतं ना? ग्लासही उजव्यानं, पिशवीही उजव्यानं… आपोआप सुटणारा घ्या. सारखं दाबायला नको.”

घरात कुणाला न दिसलेलं यानं, ती पाणी पिईपर्यंत पकडलं. तिला एकदम आपल्या घामेजल्या चेहऱ्याची लाज वाटली.

मग रोज काहीतरी निमित्त काढून ती येत राहिली. दिवा कुठे लावणार, घंटी कशी… आणि तो तोच नट पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

रविवारी सायकल तयार झाली. ती सपाट रस्त्यावर निघाली, पण वेग काही येईना. इंजिन नुसतं बोंबलत होतं. साध्या सायकलवरचे एक आजोबा तिला मागे टाकून गेले. परतताना गल्लीचा चढ मात्र ती अलगद चढून आली, आणि तिथेच तिला सगळं कळलं.

“मोठं चक्र लावलंस?” तिनं सायकल त्याच्या पुढ्यात उभी केली. “छोटं ठरलं होतं ना रे? उद्या माझी नोकरी जाईल.”

“चुकलं.”

“तुझ्या हातून असं चुकत नाही. का लावलंस?”

तो पाना पुसत राहिला. “तुम्ही म्हणालात ना, इकडे कोण येतंय… वाटलं, चढ सोपा झाला तर याल.” त्याची मान वर होईना. “मला तुम्ही आवडता. पण मी तुमच्या पोटावरच पाय देत होतो. थांबा, आत्ता बदलतो.”

तिला रडूही येत होतं, रागही. पण ती गेली नाही. त्यानं छोटं चक्र बसवलं, चेनच्या जास्तीच्या कड्या काढल्या. निघताना तिनं मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी सकाळी त्यानं रेडिओ लावला. घड्याळाचे ठोके झाले… क्षणभर काहीच नाही. आणि मग तिचा आवाज, वेळेवर, स्वच्छ. त्यानं हातातला पाना खाली ठेवला.

दुपारी गल्लीच्या तोंडाशी फटफट ऐकू आली. अर्ध्या चढात इंजिननं मान टाकली. तो धावत दारात आला. सीटवरून उठून, लालबुंद होऊन, ती जोर लावून पायडल मारत होती.

“ढकलू का?” त्यानं विचारलं.

“हात लावू नकोस.” दुकानाशी येऊन ती उतरली, दाराला टेकली. “आधी पाणी दे. मलाही तू आवडतोस… जरा दम खाऊ दे, मग नीट सांगते.”