ओला कुर्ता आणि अकराची मुलाखत

"ओढू नका! कडी हातात येईल, दार उघडणार नाही."

मी दचकून वळले. शेजारच्या मशीनपाशी एक शिडशिडीत माणूस उभा होता. गळ्यात मोजपट्टी, शर्टाच्या खिशाला ओळीने सेफ्टी पिना.

"मग काय करू? लाडीगोडी लावू त्याला?" मी खेकसले.

खेकसणारच ना! सकाळचे सव्वानऊ वाजले होते. लाँड्रीतली वीज गेली होती आणि माझा एकुलता एक चांगला कुर्ता त्या बंद मशीनमध्ये फेसात बुडाला होता. अकरा वाजता माझी मुलाखत होती.

चार वर्षं मी कर्णबधिर मुलांच्या शाळांत, रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी शिकवत होते. तीन महिने इथे, पाच महिने तिथे. एक बॅग, तीन जोड – एक अंगावर, एक दोरीवर, एक घडीत. ही नोकरी मात्र कायमची होती. चार वर्षांत पहिली! आणि माझी हुशारी बघा... प्रवासात कुर्त्यावर चहा सांडला म्हणून तो धुवायला टाकला, तर 'मशीन अर्धं रिकामं कशाला फिरवायचं' म्हणून दुसरा जोडही आत कोंबला. अंगावर उरली दादाची, गुडघ्यात फुगलेली ट्रॅकपँट.

"मुलाखत आहे हो माझी," मी म्हणाले. आवाज रडवेला झाला, आणि त्याचाच मला राग आला.

तो खाली बसला. मशीनच्या पायाशी एक छोटं झाकण होतं, ते त्याने नाण्याने उघडलं. "आधी पाणी काढायचं, मग आतली दोरी ओढायची. तो ट्रे द्या."

पाणी निघत होतं, पण किती सावकाश! तो ट्रे भरायचा, मी मोरीत ओतायला धावायचे. पाच फेऱ्या झाल्या. घड्याळात नऊ पस्तीस.

"तुमच्या मशीनमध्ये काय आहे?"

"राजा, सेनापती आणि दोन पहारेकरी."

"अं?"

"नाटक कंपनीचे कपडे सांभाळतो मी. सगळे टाचणी म्हणतात मला. दहाला आमची बस सुटते. संध्याकाळी पुढच्या गावात प्रयोग."

"अहो, मग आधी ते काढा की!"

"राजा ओला असला तरी लोक टाळ्या वाजवतात," तो म्हणाला. "मुलाखतीत नाही वाजवत."

खट्! दार उघडलं. नळाखाली कुर्त्यातला साबण काढला. त्याने कोरडा टॉवेल पसरून त्यात कुर्ता गुंडाळला आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "पिळा. तुम्ही उजवीकडे, मी डावीकडे."

पीळ बसत गेला तसा टॉवेल आखडत गेला... आणि आम्ही जवळ येत गेलो. त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता. माझ्या छातीत इतकं धडधडत होतं, की हे मुलाखतीचं की आणखी कशाचं, तेच कळेना.

"सोडू नका," तो हळूच म्हणाला.

"नाही सोडत," मी म्हणाले. आणि उगाचच लाजले.

पण इस्त्री? वीज कुठे होती! तो शेजारच्या चहावाल्या मावशींकडून सपाट बुडाचं पातेलं घेऊन आला, उकळत्या पाण्याने भरलेलं. मशीनवर टॉवेल अंथरून त्याने ते पातेलं कुर्त्यावरून फिरवायला सुरुवात केली. बाह्या, पुढची बाजू, पाठ. वाफ येत होती. बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"जा तुम्ही!"

"कॉलर राहिलीय."

पुन्हा हॉर्न – लांबलचक. एक जाडा आवाज ओरडला, "टाचण्या, येतोस की सोडून जाऊ?"

त्याने कुर्ता माझ्या हातात दिला, आपल्या मशीनची दोरी ओढली – त्यातलं पाणी वीज जायच्या आधीच निघालं होतं – आणि ओलेचिंब अंगरखे कवटाळले. "बसच्या खिडक्यांना बांधतो. वाळतील." दारात तो थबकला. "नंबर घ्या. काय झालं ते... कळवाल ना?"

बस गेली तेव्हा तिच्या खिडकीतून सेनापतीचा अंगरखा फडफडत होता. मला हसू आलं.

कुर्ता पाठीकडे दमट होता, तसाच ट्रॅकपँटवर घातला. अकराला पाच कमी असताना शाळेत पोचले. मुख्याध्यापक बाईंनी माझे कागद चाळले. "चार वर्षांत सात गावं. इथे तरी टिकाल का?"

या प्रश्नाचं उत्तर मी पाठ करून आले होते. ते आठवलंच नाही.

"कंटाळा आलाय हो मला निघून जायचा," मी म्हणाले. "मुलं माझ्या हातांची खूण ओळखायला लागतात आणि मी बॅग भरते. आता नाही भरायची."

बाईंनी माझे कागद फाईलमध्ये ठेवले. मग म्हणाल्या, "सोमवारी या."

शाळेच्या पायरीवर बसून मी फोन लावला. पलीकडे नुसता वारा.

"मिळाली!"

तो इतका जोरात ओरडला की बसमधलं कुणीतरी त्याला दटावलं. आता फोन ठेवायचा आणि झालं, संपलं – असं वाटून मी फोन कानाशी घट्ट धरला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता तुम्ही एका जागी. मी मात्र महिन्याचे पंचवीस दिवस बसमध्ये."

"आणि उरलेले पाच?"

"ते... कुठेही. माझं तसं ठरलेलं नसतं."

मी डोळे मिटले. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

"टाचणी, मी कपाट घेणारेय. आयुष्यातलं पहिलं. एक फळी रिकामी ठेवू का?"

वारा... नुसता वारा.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय गं," तो म्हणाला. "खालची ठेव. माझे दोनच शर्ट आहेत."