घरघर थांबल्यावर

कॉम्प्युटरची घरघर थांबवायची, एवढंच काम होतं.

म्हाताऱ्याची सून अंधांच्या संस्थेसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. बाहेरचा आवाज नको म्हणून खोलीच्या दारा-खिडक्यांना जाड रजया टांगलेल्या, वरचा पंखा बंद. भर दुपारी तिथे काळोख. पण टेबलाखालच्या डब्यात पॉवर सप्लायचा पंखा असा घोरायचा की वाक्यावाक्यामागे तोच ऐकू यायचा. संस्थेने काम परत पाठवलं होतं. आज संध्याकाळपर्यंत स्वच्छ आवाज पोचला नाही, तर पुस्तक दुसरीच्या हातात जाणार होतं.

"बाबा, नवाच घेऊ या का?"

"ह्याला काय धाड भरलीय? तुझ्या सासूने ह्याच्यावर अर्ध्या गावाचा मजकूर बडवलाय."

ते खरंच होतं. लोक समोर बसून मजकूर सांगायचे, म्हातारी टाइप करायची. वाक्य संपलं की मान वर न करता म्हणायची, "हं." म्हणजे झालं लिहून, पुढे बोला. पुढे पुढे खोड जडली. म्हातारा आमटी खारट झाली म्हणून बोंबलायचा, ती म्हणायची, "हं." हा खवळायचा, "अगं, मी काय मजकूर सांगतोय?" ती गेल्यापासून आमटीत मीठ बेताचं असतं आणि जिच्यावर बोंबलावं ती नसते.

म्हाताऱ्याने वायर उपटली आणि निवांत पान खात बसला. वायर काढली तरी आत करंट दबा धरून बसतो, हे त्याला एकदा हात भाजून कळलं होतं. मग डबा उघडला. आत धुळीचा घोंगडीसारखा जाड थर. जुन्या दाढीच्या ब्रशने पाती झाडली, पंख्याच्या मधोमध चिकटवलेला कागद सोलून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडला आणि स्क्रूंखाली सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून घातले. खोलीत तेलाचा आणि तापल्या धुळीचा वास भरला. म्हातारी कामाला बसली की यायचा, अगदी तोच.

डबा चालू केला. आवाज नाही. मागे हात धरला तेव्हा वारा लागला, म्हणून कळलं की पंखा फिरतोय.

"बाबा, कमाल केलीत!"

"बस हाकली आयुष्यभर, माश्या नाही मारल्या."

सून वाचायला बसली. म्हातारा कोपऱ्यात श्वाससुद्धा बेताने घेत होता. एक पान वाचून झाल्यावर तिने रेकॉर्डिंग लावलं आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा... मध्ये तुम्ही काही बोललात?"

"तोंड शिवून बसलोय मी."

तिने पुन्हा लावलं. तिचं वाक्य संपलं. मागे निवांत शांतता. आणि त्या शांततेत, हळूच, बाईचा आवाज...

"हं."

पुढचं वाक्य. "हं." त्याच्या पुढचं. "हं."

सुनेने त्याचा हात घट्ट धरला. म्हाताऱ्याला भीती वाटायला हवी होती, पण तो पुढच्या 'हं'ची वाट बघू लागला. वाटलं, हे असंच चालू राहावं. पण पोरीचं काम अडलं होतं, आणि संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता.

तो रिकाम्या काळोखाकडे बघून म्हणाला, "अगं ए... पोरीच्या पोटावर पाय देऊ नकोस. गप्प बस जरा."

सुनेने पान पुन्हा वाचलं. या खेपेला आवाज धुतल्या तांदळासारखा निघाला. पुढची पानंही तशीच. ती कॉम्प्युटर बंद करून, पेनड्राइव्ह घेऊन स्वतःच संस्थेकडे धावली. म्हाताऱ्याने तिच्यामागे बाहेरच्या दाराला कडी घातली आणि परत त्या काळोखात येऊन बसला.

"पोरीचं काम झालं," तो म्हणाला.

काही नाही.

"तुला गप्प बस म्हणालो, ते मनावर घेऊ नकोस."

काही नाही.

"घर खायला उठतं गं."

कान टवकारून तो बसून राहिला. शेवटी कंटाळून उठला, तेव्हा कोपर टेबलावर आपटलं आणि कॉम्प्युटरचा पडदा उजळला. बंद केलेला डबा चालूच होता. आवाजच उरला नव्हता, तर कळणार कसं? मागे हात धरला. वारा येत होता, पण एरवीसारखा गरम नाही, गार.

पडद्यावर ओळी होत्या. म्हातारा जेमतेम शिकलेला. बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागला.

पोरीचं काम झालं.

तुला गप्प बस म्हणालो, ते मनावर घेऊ नकोस.

घर खायला उठतं गं.

त्याचे डोळे भरून आले. बोट खाली सरकलं. आणखी एक ओळ होती.

दारात कोण आहे?

"हे मी कुठे बोललो?" तो पुटपुटला.

पाठीमागे, दारावरची रजई सळसळली. बाहेरून कुणीतरी तळवा टेकवावा तशी ती हळूहळू आत फुगत आली. म्हाताऱ्याने ओठ घट्ट मिटले. तरी शब्द आपसूक सुटलेच.

"दारात... कोण आहे?"

पडद्यावरची उभी रेघ खालच्या कोऱ्या ओळीवर गेली, आणि तिथे, उत्तर लिहून घ्यायला थांबल्यासारखी, उघडझाप करू लागली.