निळ्या छत्रीची घोषणा

"माझी निळी छत्री ज्यांनी उचलली, त्यांनी मुकाट्याने परत ठेवावी. देव बघतोय!"

घोषणा वायरमनच्या आत्याने आपल्या प्रार्थनाघरात केली. घुमली मात्र गल्लीपलीकडच्या, दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनाघरात. दोन्हीकडचे बिनतारी माइक एकाच दुकानातले, चॅनलही एकच. तिकडे दातांच्या डॉक्टरीणबाईंचे बाबा पहिल्या रांगेत बसले होते. किराणा दुकानातून चुकून आणलेली निळी छत्री मांडीवर घेऊन. छतातून आवाज येताच ते पांढरेफटक पडले आणि गुपचूप छत्री दुकानात ठेवून आले.

तक्रार घेऊन डॉक्टरीण वायरमनकडे आली. "तुमच्या आत्या आमच्या छतातून बोलतात."

"घरीही त्यांचा आवाज तिथूनच येतो," वायरमन शिडीवरून म्हणाला.

ती हसली... आणि तो एक पायरी चुकला.

चॅनल बदलायला एक बटण फिरवावं लागतं. या दोघांना तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी तो इकडून बोले, ती तिकडून.

"हॅलो, येतोय आवाज?"

"येतोय. तोंडात गोळी आहे. दात किडतील."

"तपासणी माइकची आहे की माझी?"

"अजून ठरलं नाही—"

तेवढ्या दिवसांत दोन्हीकडच्यांनी एकमेकांच्या घोषणा ऐकल्या. स्कूटर दारात लावू नका. पंखा बंद करा. प्रार्थना वेगळी असली तरी कटकट तीच, हे कळल्यावर माणसं गल्लीत थांबून एकमेकांशी बोलू लागली.

शेवटी प्रार्थनाघराच्या समितीने दटावलं, शनिवारी काम संपलंच पाहिजे. डॉक्टरीणबाईंचा जीव टांगणीला लागला. बाबांना दुसऱ्या धर्माचा शेजारी चालत होता. जावई चालेल का, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

"शेवटची चाचणी," शनिवारी तो म्हणाला. "हॅलो... तू मला आवडतेस. येतोय आवाज?"

नुसती खरखर. मग हळूच, "येतोय... पण मागे बाबा उभे आहेत."

त्याने शिडी गच्च धरली.

"आणि तुला गं?" बाबांनी तिला विचारलेलं ऐकू आलं.

"मलाही, बाबा... खूप."

पुन्हा खरखर. बाबा खाकरले. "हॅलो. या छतातून आलेलं मी मागे एकदा ऐकलं, छत्री परत केली, तेव्हापासून झोप छान लागते. आताही ऐकावं म्हणतो. उद्या घरी या. आत्यांनाही आणा."

शिडीखाली उभं राहून ऐकणाऱ्या आत्याने भाच्याच्या हातातला माइक हिसकावला.

"अगंबाई! म्हणजे छत्रीचोर तुम्ही होय? चार वाजता येतो!"

चॅनल अजून तेच आहे.