पायवाली अक्षरं

हातमाग ऑफिसातले साहेब, तुम्ही ते माहितीपत्रकाचं पान वाचलंच नाही. लांबूनच धरलंत, डोळे चोळलेत अन् फेकलंत, "जुनाट अक्षर, डोळे दुखतात. बदला, नाहीतर दिल्लीच्या प्रदर्शनात स्टॉल नाही!"

ते पान माझं होतं. भंडाऱ्याच्या बसस्टँडमागं माझं डीटीपीचं दुकान आहे. खेमराज आला होता नुसता झेरॉक्स काढायला. भिंतीवर टोकांना बारीक आडव्या रेघा असलेल्या इंग्रजी अक्षरांचा नमुना पाहून थबकला.

"ह्या अक्षरायले पाय काहून हायेत जी?"

"तुमाले नाईत का? पायाबिगर ओळीत उभं कोण राहीन?"

तो असा हसला की... मी झेरॉक्सचं बटण दोनदा दाबलं.

मग यायचाच. घरी कोशाच्या रेशमी साड्यांचा माग. मी त्याचं इंग्रजी माहितीपत्रक त्याच टायपात लावलं, बास्करव्हिलमध्ये. कोशाच्या धाग्यासारखं अक्षर, कुठं जाड, कुठं बारीक. भोवती मोकळी जागा सोडली की खुलतं.

"अडीचशे वर्षांमागं इंग्लंडात एकानं घडवलं," मी सांगितलं. "लोक म्हणे, यानं आंधळे होऊ! एकाले दुसराच टाईप बास्करव्हिल म्हणून दाखवला, तरी त्याचे डोळे दुखले."

खेमराज ऐकत होता — माझ्याकडेच बघत. "असं? फक्त नावानंच?"

अन् मग तुमचा नकार आला, साहेब. स्टॉल गेला की माग बंद, तो पुण्याला कंपनीत नोकरीला. मी दात-ओठ खात बिनपायाच्या अक्षरांचं गुळगुळीत पान केलं अन् त्याला दिलं.

दुपारी तो उड्या मारतच आला. "पास झालं, दामिनी!"

पण त्याला दिलेलं गुळगुळीत पान तर टेबलावरच, कागदांखाली सोडलेलं दिसलं!

"मंग तू दाखवलं काय?"

"तेच, पहिलंवालं. म्हटलं, बदललं साहेब. ते म्हणे, हां, आता कसं मॉडर्न वाटते!"

मला हसू आवरेना. रागही आला. "अन् स्टॉल गेला असता त?"

"गेला असता..." तो टेबलाची कड नखानं खरवडू लागला. "पण तुह्या अक्षराले कोणी नावं ठेवलेलं... मले नाई चालत."

"फक्त अक्षराले?"

त्यानं नुसती मान हलवली. कान लालबुंद.

"खेमराज, साहेबासमोर खोटं बोलाले जीभ चालते, अन् माह्यासमोर खरं बोलाले नाई? लगन करशील का माह्यासंगं? मान नको हलवू — तोंडानं सांग!"