कोरी फायरवॉल

रुग्णालयातले सगळे संगणक एकदम गोठले, तेव्हा केबलचं टोक अजून दाजींच्या चिमटीत होतं.

सगळे त्यांना दाजीच म्हणत. हाताखालचा तंत्रज्ञ त्यांचा सख्खा मेहुणा. त्यांनीच शब्द टाकून त्याला इथं लावलं होतं.

फायरवॉल म्हणजे संगणकांच्या जाळ्याच्या दारातली पहारेकरीण. इथं त्या दोन होत्या, एक पडली तर दुसरीने उभं राहावं म्हणून. त्यातली एक बिघडली. दाजींनी तिच्या जागी नवी बसवली, दोघींना जोडणारी केबल लावली, आणि धडधाकट जुनीसुद्धा क्षणात कोरी झाली. जोडीत जिला दिलेला क्रमांक मोठा, तिच्यातलं सगळं दुसरीत उतरतं. नवीत काहीच नव्हतं.

मेहुण्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्यात सेटिंगची पाठप्रत म्हणजे बॅकअप होता, आणि त्यावरून सगळं पूर्ववत केलं, अगदी काल संध्याकाळी जोडलेल्या नव्या वॉर्डासकट. लोकांनी त्याची पाठ थोपटली.

दुपारी संचालकबाई यंत्रांच्या खोलीत येऊन दाजींसमोर उभ्या राहिल्या. "अतिदक्षता विभाग आंधळा झाला होता. आज खुलासा द्या, नाहीतर राजीनामा."

"हा म्हणाला, मशीन तयार आहे. म्हणून केबल लावली."

"असं कसं म्हणता, दाजी?" मेहुण्याचा आवाज लोण्यासारखा मऊ. "मी आज सकाळी खोक्यातून काढून ठेवलं फक्त. सेटिंगला हात लावला नाही. तुम्ही कोरंच जोडलंत. वय झालं की होतं असं."

"कोरंच होतं? नक्की?" दाजींनी विचारलं.

"ताईची शपथ."

दाजींनी मान खाली घातली. ती ताई म्हणजे त्यांची बायको.

कोपऱ्यात सरावासाठी ठेवलेली फायरवॉलची जुनी जोडी होती. मेहुणा हे काम तिच्यावरच शिकला होता. दाजींनी त्यातलं एक मशीन पुसून कोरं केलं आणि केबल लावली.

काहीच घडलं नाही. दोन्ही मशीन शेजारी शेजारी, अनोळखी.

"बघा, बाई. कोऱ्याला जोडीत कुणी घेत नाही. आधी त्याला जोडीचं नाव आणि पासवर्ड द्यावा लागतो. आज नवीला कुणीतरी दोन्ही दिलं, वर जुनीपेक्षा मोठा क्रमांकही दिला. पासवर्ड आम्हा दोघांनाच ठाऊक. केबल लावेपर्यंत मी कुठे होतो?"

"सकाळपासून माझ्या बैठकीत," बाई सावकाश म्हणाल्या. "पण याची चूक झाली नसेल कशावरून?"

"मग हात लावला नाही, अशी शपथ कशाला? आणि पाठप्रत घे म्हणून मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडलो, याने कधी घेतली नाही. आजच्या प्रतीत मात्र कालचा वॉर्डसुद्धा आहे. म्हणजे ती कालच्या संध्याकाळनंतरची. आग लागायच्या आधीच हा बादली भरून उभा होता."

मेहुण्याचा मऊपणा गळून पडला. "मग काय करू? जन्मभर दाजींचा मेहुणाच राहू? तुम्ही जागा सोडल्याशिवाय मला कोण विचारणार?"

"अरे, आत माणसं नळ्यांवर होती!"

बाईंनी त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. तो दारात घुटमळला. "दाजी... ताईला काय सांगाल?"

"शपथ तू घेतलीस. तूच सांग."

दाजी नवा पासवर्ड टाकायला बसले. मेहुण्यासमोर त्यांनी कधी आडपडदा ठेवला नव्हता. आज डावा हात आपोआप कीबोर्डवर आडवा गेला, आणि तो हात बघूनच मेहुणा वळला.